महागू पटेलाचा रोवणा

आमच्या शेवंताचं अर्धं असं काही नसे. भाजीत मीठ टाकायची तर मूठभर, रडायला बसली तर नदीपलीकडच्या गावाला कळावं, आणि भांडायला उभी राहिली की समोरचा माणूस स्वतःची चूक नसतानाही हात जोडून मोकळा व्हायचा. म्हणून ती ख्रिस्ती झाली त्या दिवशीच मी आमच्या घरच्यांना, म्हणजे यजमानांना, म्हटलं, ही काही नावापुरती ख्रिस्ती राहणारी बाई नव्हे, ही आपल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणणार. घरच्यांनी मलाच गप्प बसवलं. खरं बोलणाऱ्याचं आमच्या घरात नेहमी असंच होतं.

शेवंता माझी धाकटी जाऊ. मी बालाघाटच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, नाव अहिल्या; चार बुकं शिकलेली म्हणून थोडी नाकानं कांदे सोलणारी. लग्न होऊन राजेगावला धानाच्या शेतकऱ्याकडे आले. माझे यजमान मोतीलाल आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांची घरं एकाच अंगणात. धाकटे दीर साप चावून गेले तेव्हा त्यांची साधना फ्रॉक घालून अंगणात हुंदडत होती. शेवंतानं एकटीनं शेत सांभाळलं, पोरीला हिंदी शाळेत घातलं, आणि मग खोकल्यानं स्वतःच अंथरूण धरलं.

खोकला क्षयाचा निघाला. मिशनच्या दवाखान्यात ती कितीतरी महिने पडून होती. आम्ही भेटायला जायचो, दारातून डबा आत सरकवायचो, पदर नाकाला लावून दोन शब्द बोलायचो आणि बस पकडायचो. तिथली नर्स लीलाबाई मात्र तिचं थुंकीचं भांडं रोज स्वतःच्या हातानं धुवायची. शेवंतानं तिला एकदा विचारलं, बाई, तुम्हाला किळस येत नाही का. लीलाबाई म्हणाली, येते, पण ज्याच्या नावानं मी हे करते त्यानं कधी कुणाची किळस केली नाही. दुसरी एखादी बाई एवढं ऐकून हात जोडून घरी आली असती. शेवंतानं लीलाबाईला धरून बसवलं आणि तो कोण, काय करायचा, त्याला का मारलं, सगळं विचारून घेतलं. अक्षरं गिरवून वाचायला शिकली. बरी होऊन परत आली ती बाप्तिस्मा घेऊनच.

गाव म्हणालं, दुधाच्या भुकटीसाठी ही बाई बाटली. मिशनमध्ये तेव्हा परदेशी दुधाची भुकटी वाटत, हे खरं. शेवंतानं भर बाजारात उभं राहून सांगितलं की त्या भुकटीनं तिला जुलाब होत, आणि जुलाबासाठी कोणी धर्म बदलत नाही.

आमच्या जातीचा मुख्य पंच होता महागू पटेल. धिप्पाड माणूस, आवाज असा की बैल दचकावा. त्यानं निकाल दिला: शेवंताच्या घरचं पाणी बंद, विस्तव बंद, तिच्या रोवण्याला कोणी जायचं नाही. रोवणा म्हणजे धानाची लावणी. आज माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, तुम्ही वाका, उद्या तुमच्या बांधीत मी वाकते, अशीच ती आमच्याकडे होते. बाकी काही बंद झालं तरी माणूस जगतो, रोवण्याला माणसं मिळाली नाहीत तर वर्षाचं पोट बुडतं. शेवंता दोन पावसाळे एकटीच चिखलात वाकली. लागलं तेवढं लागलं, उरलेल्या बांध्या गवतानं खाल्ल्या.

पटेलानं एक दार उघडं ठेवलं होतं. जातीत परत यायचं तर जातीला भात द्यायचा, म्हणजे सगळ्या जातवाल्यांना जेवू घालायचं, पंचांच्या हातून तीर्थ घ्यायचं आणि चारचौघांत म्हणायचं, चुकलं, सोडलं. शेवंता भात द्यायला एका पायावर तयार होती. 'सोडलं' म्हणायला ती तयार नव्हती.

साधनाला तिनं आपल्या धर्मात ओढलं नाही. पोरीनं मागितला तर येशू, मी तिच्या तोंडात कोंबणार नाही, असं म्हणायची. म्हणून पोरगी जातीत राहावी यासाठी तिनंच ठरवून टाकलं की साधनानं माझ्या चुलीवरचं जेवायचं. मायलेकी एका छपराखाली निजत, आणि जेवणाच्या वेळी मुलगी अंगण ओलांडून माझ्याकडे येई. ते बघून मला दोघींचाही राग यायचा, आणि घास वाढताना माझा हात जड व्हायचा.

एकदा बालाघाटचे पाद्री आले. भला माणूस, घाम पुसत पुसत सांगू लागला की मिशनच्या आवारात खोली देतो, स्वयंपाकाचं काम देतो, मुलीला चांगला ख्रिस्ती मुलगा पाहू, इथे कशाला हाल काढता. शेवंतानं त्यांना गूळपाणी दिलं आणि म्हणाली, "पादरीसाहेब, तिथं समदेच येशूचे हायत. तिथं माहं काय काम?" पाद्री चार वाजताच्या बसनं परत गेले.

मग साधनाला हट्टा या गावाहून स्थळ आलं. तिथल्या हिरालालचा मुलगा, शाळेत मास्तर. वारासिवनीच्या बाजारात त्यानं साधनाला पाहिलं होतं आणि साधनानंही त्याला पाहिलं होतं, असं मला तिच्या गालांवरून कळलं. हिरालालनं एकच अट घातली, की आईनं आधी जातीत परत यावं, मग मार्गशीर्षात लग्न. साधना महिनाभर गुणगुणत हिंडत होती. आपली आई आता तरी हट्ट सोडेल असं तिनं गृहीतच धरलं होतं.

एकोणसत्तरचा आषाढ होता तो. महागू पटेलाचा तांबडा बैल दोनदा सुटून पऱ्ह्यात, म्हणजे लावणीच्या कोवळ्या रोपांत, शिरला होता. चिखलणी संपली त्या संध्याकाळी पटेलानं रागारागानं त्याला नव्या अंबाडीच्या दोरानं आखूड बांधलं. सकाळी पाहतात तर बैल फास बसून मेलेला.

आमच्याकडे गळ्यात दोर असताना ढोर मेलं की धन्याला हत्या लागते. तोच दोर स्वतःच्या गळ्यात घालून त्यानं गावाबाहेर पडायचं. माणसासारखं बोलायचं नाही. आसपासच्या गावांत दारोदार गुरासारखं हंबरून भीक मागायची, रामटेकला जाऊन आंघोळ करायची, आणि परत येऊन जातीला भात द्यायचा. तो भात होईपर्यंत त्याच्या घरी कोणी पाऊल टाकत नाही आणि त्याच्या कामाला कोणी हात लावत नाही. पटेलानं आपल्या हयातीत कितीतरी गरिबांच्या गळ्यात असे दोर घातले होते. करावे तसे भरावे, म्हणून गाव मनातून खूष झालं. मीही झाले.

पटेलाच्या जागी पंचांतलाच तेजराम मुख्य होऊन बसला. अंगानं काटकुळा, पण खुर्चीवर बसला की फुगायचा. त्यानं सगळ्यांना बजावलं, की जो पटेलाच्या बांधीत उतरेल तो जातीबाहेर. यातली मेख सगळ्यांना कळत होती. भाताला धान पाहिजे, धानाला रोवणा पाहिजे, आणि रोवण्याला माणूस नाही. चिखल तयार, पऱ्हे तयार, आणि पटेलाची बायको रुख्माबाई बांधावर एकटी बसून रडतेय. पऱ्हे म्हातारे झाले की संपलं. मग पुढच्या सालापर्यंत पटेल गावाबाहेर आणि तेजराम खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता लुगडं खोचून पटेलाच्या बांधीत उतरली.

मला कळलं तेव्हा मी हातातली भाकरी तव्यावर टाकून धावले. भाकरी जळाली, त्याचा रागही त्यात मिसळला. बांधावर उभं राहून मी तिला जे बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. याच माणसानं तुझा विस्तव बंद केला, याच्यामुळे दोन वर्षं तुझी पोरगी माझ्या दारात जेवते, आणि तू त्याचा रोवणा लावतेस, असा साधारण मतलब. शेवंता पऱ्ह्याची पेंडी सोडत होती. तिनं कंबर सरळ केली.

"जाऊबाई, वैऱ्याचं भलं करा म्हनून त्यानं सांगतलं हाय. घरात बसून भलं चिंतायले काय लागते? तेवढं तं मांजर बी करते," ती म्हणाली. "आन मले कोन अडवन? दुसऱ्या बाया आल्या तं त्याईले बाहेर काढतीन. मी बाहेरच हाव. या गावात पटेलाच्या बांधीत पाय टाकायची मोकळीक फक्त मले हाय."

मी घरी येऊन दुसरी भाकरी थापली.

रुख्माबाईनं पहिल्या दिवशी तिला हाकललं. बाटवशील माझी बांधी, असं ओरडत ती ढेकळं उचलून धावली. शेवंता म्हणाली, "चिखलाले विटाळ नसते, रुख्माबाई. असता तं आपन समदे कवाचेच उपाशी मेलो असतो." आणि पुन्हा वाकली. रुख्माबाईनं हातातली ढेकळं बांधावर टाकली. मग पदर खोचून तीही उतरली, पण शेवंतापासून चार हात दूर.

काही दिवसांनी पटेल परत आला. रामटेकची आंघोळ झाली होती, पण भात झाल्याशिवाय गावात यायची मुभा नव्हती, बोलायचीही नव्हती. तो शेताच्या टोकाला झोपडीत राहू लागला. गळ्यात दोर, दाढी वाढलेली, अंग निम्म्यावर आलेलं. आपल्या बांधीत कोण वाकलंय हे त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवून बसला.

शेवंतानं त्याला शिजवलेलं काही दिलं नाही. रोज थोडे तांदूळ, डाळ आणि दोन मिरच्या पानात बांधून झोपडीपासून लांब ठेवायची. कच्च्या शिध्याला विटाळ नसतो, तो स्वतःच्या हातानं शिजवून खाऊ शकत होता. मी चिडून म्हटलं, तुझा तर विटाळावर विश्वास नाही, मग सरळ भाकरी का देत नाहीस, खाईल झक मारत. ती म्हणाली की त्याचा नेम मोडायला मी गेले नाही, माझा नेम पाळायला गेले. असली उत्तरं द्यायला तिला कोण शिकवत होतं कोण जाणे. पूर्वी ती नुसती शिव्या द्यायची, ते बरं होतं.

तेजरामला हे फार झोंबलं. एका संध्याकाळी तो आमच्या अंगणात आला, खाटेवर बसला आणि मऊ आवाजात बोलू लागला. शेवंतानं उद्यापासून पटेलाची बांधी सोडावी. बस्स, एवढंच. मग तो स्वतः हट्ट्याला जाऊन हिरालालला सांगेल, लग्न लावून देईल. चारचौघांत 'सोडलं' म्हणायचीही गरज नाही. तीर्थ घ्यायचं आणि गप्प बसायचं. मनात कोणता देव आहे ते कोण उघडून बघतो, तोंड बंद ठेवलं की झालं, असं त्याचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. आमच्या घरच्यांनाही पटलं. साधना तर दाराच्या चौकटीला धरून आईकडे बघत उभी होती.

शेवंता म्हणाली, "मनात एक आन तोंडात एक, हे माह्यानं होत नाही, भाऊ. नवरा मेला तवा मी मनातल्या मनात रडली नाही."

तेजराम उठला. जाताना म्हणाला की मग मार्गशीर्षातल्या लग्नाचा विचार सोडा.

साधना आईसमोर येऊन उभी राहिली. "तुह्या येशूले तुही पोरगी दिसत नाही काय?" तिनं विचारलं. मग ती हिंदीवर गेली. "मेरी शादी टूट रही है, माँ. और तू उस आदमी का धान लगा रही है जिसने तुझे बाहर फेंका."

शेवंता गोठ्यामागे गेली आणि तिथे बसून रडली, तिच्या पद्धतीनं, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. पोरीचं सुख हातात होतं आणि ती ते सोडत होती, हे तिला कळत नव्हतं असं नाही. सकाळी डोळे सुजलेले घेऊन ती पुन्हा पटेलाच्या बांधीकडे निघाली.

मी त्या सकाळी सगळ्या जगावर संतापले होते. तेजरामवर, कारण तो आमच्याच खाटेवर बसून आम्हाला विकत घ्यायला बघत होता. शेवंतावर, कारण तिला वाकता येत नव्हतं. आमच्या घरच्यांवर, कारण ते हुक्का ओढत होते. शेवंताच्या येशूलाही मी चुलीपाशी दोन शब्द सुनावले. म्हटलं, तुझी एकुलती एक भक्तीण या गावात, आणि तू तिच्या पोरीचं लग्न मोडतोस. आमचे देव निदान नवसाला तरी पावतात. त्यानं ऐकलं असेल तर ऐकलं असेल. मग मी चूल विझवली, लुगडं खोचलं आणि बांधीत जाऊन शेवंताच्या शेजारी उभी राहिले. ते काही येशूसाठी नव्हे. तेजरामच्या नाकावर टिच्चून मी उतरले, आणि हे मी शेवंतालाही सांगितलं. ती म्हणाली, कशासाठी का असेना, ओळ सरळ धर.

दुपारी तेजरामचा माणूस येऊन बघून गेला. संध्याकाळपर्यंत निरोप आला की मोतीलालच्या घराचाही निकाल आता व्हायचा आहे. घरचे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्या आठवड्यात बराच रोवणा झाला.

आम्ही तिघी वाकत होतो, पण पेंड्या आणून द्यायला कोणी नव्हतं. दर वेळी चिखलातून काठापर्यंत जायचं आणि यायचं, त्यातच अर्धा दिवस जाई. एकदा मी कंबर धरून उभी राहिले तर पायाशी एक पेंडी येऊन पडली. मग दुसरी शेवंतापुढे. वर पाहिलं तर महागू पटेल बांधावर, गळ्यात दोर, दोन्ही हातांत पऱ्हे. आयुष्यात त्यानं हे काम केलं नव्हतं, ते मजुराचं काम. शेवंतानं त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "थोडं मांगं टाका, पटेल. मी मांगं सरकून राह्यली." पटेलानं पुढची पेंडी मागे टाकली.

सगळ्या बांध्या झाल्या नाहीत. झाल्या तेवढ्यांत धान चांगलं आलं.

मार्गशीर्षात पटेलानं भात दिला. त्याच्या अंगणात मांडव पडला, गावोगावचे जातवाले आले, हट्ट्याहून हिरालालही आला. मध्ये काय काय झालं ते मला रुख्माबाईकडून कळलं. पटेलानं तेजरामला लिहून पाठवलं होतं, की शेवंताला पंगतीत घेणार असाल तर भात देतो, नाहीतर माझा दोर माझ्या गळ्यात राहू द्या. तेजरामची पंचाईत झाली. एवढी माणसं जेवायला निघालेली, नवा तांदूळ कांडून तयार. नाही म्हटलं असतं तर लोकांनी त्यालाच खाल्लं असतं. शेवटी पंचांनी तोड काढली. शेवंतानं पंचांसमोर पंगतीत बसावं. कोणी तिला काही विचारणार नाही, तिनं काही बोलायचं नाही. पंगतीत जेवली की जातीत आली. हिरालालनंही मान हलवली. दुसऱ्याच दिवशी सुपारी फोडायची असं ठरून गेलं, आणि आमच्या घराचा निकालही त्यातच मिटणार होता.

साधनानं सकाळी आईची वेणी घातली. किती दिवसांनी दोघी एकमेकींशी धड बोलत होत्या. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

बायांची पंगत मागे असते, पण जातीत घ्यायच्या माणसाला पंचांच्या समोर बसवतात, बाई असो की बाप्या. पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. तेजराम मध्ये, शेजारी हिरालाल, त्यांच्यासमोर एक मोकळं पान. महागू पटेल भाताची टोपली घेऊन उभा. पंचांनी त्या सकाळी त्याच्या गळ्यातला दोर काढून त्याला गावात यायला आणि बोलायला मोकळं केलं होतं, दोराचा वळ तेवढा दिसत होता. त्यानं आधी पंचांना वाढायचं, मग स्वतः त्यांच्या ओळीत बसायचं, सगळ्यांनी बरोबर घास घेतला की हत्या फिटली. आणि पंच पानावरून उठले तर सगळं फुकट, रामटेकही आणि भातही.

शेवंता आली. मोकळ्या पानापाशी उभी राहिली, बसली नाही. पटेल हळूच म्हणाला, "बस, शेवंता. नुसती बस. बोलू नको."

त्याच्या आवाजात विनवणी होती. मी बायांमध्ये साधनाजवळ उभी होते, तिचा हात माझ्या हातात.

शेवंतानं मुलीकडे एकदा पाहिलं. मग पटेलाकडे वळली.

"पटेल, भात तुमचा हाय, मी मानानं खाईन," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा. "पन खायच्या आधी मी येशूचं नाव घेतो. रोज घेतो. आज बी घेईन, अन तोंडानं घेईन. मी गप बसली तं लोक समजतीन मी परत आली. मी परत नाही आली. मी त्याचीच हाव. हे चालत असंन तं वाढा. नाही तं मी आत्ताच जातो. तुमचा भात मले मोडायचा नाही."

तेजराम पटेलाकडे बघत होता, आणि त्या बघण्यात सगळं आलं होतं: तिला घालव, नाहीतर आम्ही उठतो. पटेल टोपली धरून उभा राहिला. चार महिने तो झोपडीत राहिला होता, हंबरून भीक मागितली होती, सगळं या एका जेवणासाठी. मग तो पंचांची ओळ सोडून पलीकडे गेला, शेवंतापुढे वाकला आणि पहिला भात तिच्या पानावर वाढला.

शेवंता बसली. हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यानं बोलू लागली. या भाताबद्दल प्रभूचे उपकार मानले. पटेलाला, रुख्माबाईला आशीर्वाद मागितला. माझंही नाव घेतलं, ते ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं. तेजरामसाठी मागितलं, की त्याच्या घरी धान कमी पडू नये. हिरालालच्या घरासाठी मागितलं. शेवटी साधनाचं नाव आलं आणि तिथे तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. येशूच्या नावानं म्हणाली, डोळे पुसले आणि घास घेतला.

तेजराम उठला. त्याच्यामागून पंच उठले, मग बाकीचे. पत्रावळी पायांखाली गेल्या. आमचे घरचे मात्र बसून राहिले. सगळ्यांत आधी हेच पळतील असं मला वाटलं होतं. ते रिकामं पान पुढ्यात ओढून बसले होते, खाली मान घालून, आणि त्यांच्या आजूबाजूला आणखी पाच-सहा जण तसेच. महागू पटेल त्यांना वाढून रिकाम्या झालेल्या ओळीत बसला. त्याला वाढायला कोणी नव्हतं, तेव्हा रुख्माबाईनं वाढलं. त्यानं घास घेतला.

हिरालाल सगळ्यांत शेवटी उठला. त्याला बहुधा वाईटही वाटत होतं. चपला घालता घालता तो साधनाला म्हणाला की पोरी, तू तर जातीतलीच आहेस, तू आपल्या काकूबरोबर घरी जा, पुढचं बघू.

साधनानं माझा हात सोडला. ती मांडव ओलांडून गेली आणि हिरालालच्या पानावर, आईच्या बरोबर समोर, मांडी घालून बसली. तिचे डोळे भरून वाहत होते, पण मान ताठ होती.

हिरालालनं तिला परत हाक मारली. म्हणाला, ऊठ, अजून काही बिघडलं नाही.

"मले भूक लागली हाय," साधना म्हणाली, आणि पान पटेलापुढे सरकवलं. "वाढा, पटेल."